दुसरं प्रूफ

उदगीरला दुपारी तीनला लाइट येते,
तेव्हा मी वाकळांचा हिशेब उघडते.
लाल काठाची एक पुण्याला, दोन मैसूरला,
एक परदेशातल्या कुणा बाईला, जिनं विचारलं होतं
हाताने शिवली म्हणजे नक्की किती हातांनी.
पैसे येतात ते एका खात्यात,
ज्याला ना खिडकी, ना शिपाई, ना पासबुकाचा वास.

त्या दिवशी लाइटच्या आधी ई-मेल येऊन बसला होता.
आपल्या खात्यात संशयास्पद व्यवहार आढळला आहे.
चोवीस तासांत ओळख पटवा,
अन्यथा खाते कायमचे गोठवण्यात येईल.
वर तेच चिन्ह, तोच रंग.
खाली निळं बटण, बोटाएवढंच.

गोठणं हा शब्द आमच्याकडे
तुपासाठी असतो, तोही थंडीत.
मला भर मे महिन्यात कापरं भरलं.
त्या खात्यात गयाबाईची मजुरी होती,
शाकिरा आपाचे बाराशे,
निलंग्याच्या शिंप्याचं चिंध्यांचं देणं.
बटण दाबलं. पान उघडलं.
पासवर्डाची चार अक्षरं टाकून झाली,

आणि अप्पा चष्मा शोधत आले.

अप्पांना इंग्रजी येत नाही.
पण तीस वर्षं त्यांनी इंग्रजी जुळवलंय,
खिळ्याला खिळा लावून, उलटं, शिशाचं,
चौबाऱ्याजवळच्या हाश्मी प्रेसमध्ये.
अर्थ गिऱ्हाइकाचा, अक्षर आपलं,
एवढाच त्यांचा त्या भाषेशी करार.

"थांब की. काय करलालीस?
ह्यो यल न्हाय. एक हाय. आकड्यातला."

मी पाहिलं. मला यलच दिसला.
पत्त्याच्या ओळीला नाक लावलं
तेव्हा कंपनीच्या नावात उभा तो दिसला,
लग्नाच्या पंगतीत शिरलेल्या
अनोळखी माणसासारखा,
इस्त्रीच्या कपड्यात.

"तुम्हाला कसं दिसलं?"
अप्पा खाटेवर टेकले.
"मीबी केल्तं हे पाप."
कुण्या साहेबाच्या लेकीची पत्रिका, अर्धी इंग्रजीत.
केसमधले यल संपले.
हैदराबादहून नवे यायला आठवडा, लग्न शुक्रवारी.
अप्पांनी आकड्यांच्या खणातले एक उचलले,
सात जागी बसवले.
पाचशे पत्रिका गेल्या घरोघर.
साहेबानं पेढे दिले.
"डोळा वाचत नसतोय गं. वळखतोय.
वळखला, की पुढं जातोय."

मी ते पान बंद केलं.
खात्याचा पत्ता स्वतः टाकला, एकेक अक्षर,
जसं कुणी अंधारात जिना उतरतं.
सहा हजार चारशे बारा रुपये
आपापल्या जागी बसले होते.
कुणी काही गोठवलं नव्हतं.
तरी पासवर्ड बदलला. हात जरा थरथरलाच.

तो ई-मेल अप्पांनी छापून मागितला.
लाल पेन, उन्हाकडे पाठ.
एका शब्दात अक्षर जादा,
दोन शब्दांमध्ये जागा कमी,
चिन्ह किंचित डावीकडे कललेलं.
संध्याकाळपर्यंत कागद गोवर आल्यासारखा लाल.
आणि तळाशी, नुसत्या सवयीनं:
चुका दुरुस्त करून दुसरे प्रूफ पाठवावे.

चौथ्या दिवशी ते आलं.

अप्पांनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं.
यल जागेवर. चिन्ह ओळंब्यात.
माझं नावसुद्धा शुद्ध,
जे नगरपरिषदेला आजवर जमलेलं नाही.
"चूक न्हाय ह्यात," अप्पा म्हणाले,
कारागिरानं कारागिराबद्दल म्हणावं तसं.
मग बराच वेळ
पेन हवेत धरून बसले,
खूण कुठं करावी ते सुचेना.

"नुस्ती घाई हाय."